दोन्ही तपासण्या बरोबर, बेरीज मात्र नियमाबाहेर: व्यवहारांच्या क्रमाचा एक प्रकरण अभ्यास

औषधांच्या साठ्याची नोंद ठेवणाऱ्या एका प्रणालीत असा नियम होता की, तातडीच्या वापरासाठी राखलेल्या कोणत्याही औषधाचा एकूण साठा ५० नगांच्या खाली जाता कामा नये. एका औषधाचे अनेक लॉट असतात आणि प्रत्येक लॉटची मुदत वेगळी असते, म्हणून डेटाबेसमध्ये प्रत्येक लॉटची स्वतंत्र ओळ होती. नियम मात्र त्या ओळींच्या बेरजेला लागू होता. प्रकरण अभ्यासासाठी आखलेले आहे आणि हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून आकडे मुद्दाम लहान ठेवले आहेत. त्यात जे घडते ते मात्र प्रत्यक्षातल्या प्रणालींमध्ये याच पद्धतीने घडते.

एका औषधाचे दोन लॉट शिल्लक होते: ‘प’ लॉटमध्ये ६० नग आणि ‘फ’ लॉटमध्ये ४० नग, म्हणजे एकूण १००. दोन वेगवेगळ्या खिडक्यांवरून जवळजवळ एकाच वेळी प्रत्येकी ३० नगांची मागणी आली. पहिल्या मागणीसाठी कर्मचाऱ्याने ‘प’ लॉट निवडला, दुसरीला लांबच्या मुदतीचा माल हवा असल्याने ‘फ’ निवडला गेला. प्रोग्राम दोन्हीकडे एकच होता: सर्व लॉटची बेरीज करायची, तिच्यातून मागणी वजा करायची, उरलेला आकडा ५० किंवा त्याहून जास्त असेल तर निवडलेल्या लॉटमधून तेवढे नग कमी करायचे, नाहीतर मागणी नाकारायची. दोन्ही मागण्या मंजूर झाल्या. त्यानंतर ‘प’मध्ये ३० आणि ‘फ’मध्ये १० नग उरले, एकूण ४०. नियम मोडला होता आणि नोंदवहीत एकाही चुकीचा संदेश नव्हता.

तपासाची सुरुवात अशा प्रसंगी नेहमी जिथून होते तिथूनच झाली, म्हणजे वजाबाकीवर संशय घेऊन. वजाबाकी बरोबर होती. मग लॉस्ट अपडेटचा विचार झाला, म्हणजे दोघांनी एकच ओळ वाचून एकाने दुसऱ्याचे लेखन पुसून टाकले असावे अशी शंका. परंतु प्रत्यक्ष मोजणीत दोन्ही लॉटमधले नग नोंदीशी तंतोतंत जुळत होते, तेव्हा कोणाचेही लेखन हरवले नव्हते. डर्टी रीडचा, म्हणजे कमिट न झालेला (अजून पक्का न केलेला) आकडा वाचला जाण्याचा, प्रश्नच नव्हता, कारण वापरात असलेला डेटाबेस तसे वाचन कोणत्याही आयसोलेशन पातळीवर (समांतर व्यवहार एकमेकांपासून किती वेगळे ठेवायचे याची पातळी) होऊ देत नाही. दोन्ही व्यवहारांच्या, म्हणजे एकेक मागणी हाताळणाऱ्या पायऱ्यांच्या संचांच्या, नोंदींत ‘मागणीनंतरची शिल्लक ७०’ असे स्पष्ट लिहिलेले होते आणि ज्या क्षणी ते लिहिले गेले त्या क्षणी ते खरेही होते. प्रत्येक व्यवहार एकेकटा पाहिला तर निर्दोष होता. दोष होता तो त्यांच्या पायऱ्या एकमेकांत ज्या क्रमाने मिसळल्या त्या क्रमात, ज्याला डेटाबेसच्या भाषेत शेड्यूल म्हणतात.

आठ पायऱ्यांचे शेड्यूल

पहिल्या मागणीच्या व्यवहाराला ‘क’ आणि दुसरीच्या व्यवहाराला ‘ख’ म्हणू. नोंदींतल्या वेळांवरून क्रम असा उभा राहिला:

१. क ‘प’ वाचतो: ६०
२. क ‘फ’ वाचतो: ४०
३. ख ‘प’ वाचतो: ६०
४. ख ‘फ’ वाचतो: ४०
५. क ‘प’मध्ये ३० लिहितो
६. ख ‘फ’मध्ये १० लिहितो
७. क कमिट होतो
८. ख कमिट होतो

शेड्यूल बरोबर की चूक हे ठरवण्याची मान्य कसोटी सिरिअलायझेबिलिटीची आहे: मिसळलेल्या पायऱ्यांचा परिणाम, तेच व्यवहार एकामागून एक, कोणत्या तरी क्रमाने चालवल्यावर येणाऱ्या परिणामाइतकाच असला पाहिजे. येथे एकामागून एक क्रम दोनच शक्य आहेत. आधी क आणि मग ख चालवला तर ख ला एकूण ७० दिसतात, ३० वजा केल्यावर ४० उरतात आणि मागणी नाकारली जाते. आधी ख चालवला तर क नाकारला जातो. दोन्हींत शेवटी ७० नग उरतात. ४० उरतील असा क्रम अस्तित्वातच नाही. या दोन क्रमांपैकी कोणता व्हावा याबद्दल ही कसोटी काहीच सांगत नाही. आधी आलेल्याला आधी मिळावे ही अपेक्षा रास्त असली तरी ती वेगळी मागावी लागते.

परिणाम न पाहता नुसत्या पायऱ्यांवरूनही हेच कळते. क ने ‘फ’ वाचला आणि नंतर ख ने तो बदलला, म्हणून एकामागून एक क्रमात क आधी यायला हवा. ख ने ‘प’ वाचला आणि नंतर क ने तो बदलला, म्हणून ख आधी यायला हवा. व्यवहारांना बिंदू मानून आणि अशा प्रत्येक ‘आधी’साठी बाण काढून जो पूर्वक्रम आलेख तयार होतो, त्यात क कडून ख कडे आणि ख कडून क कडे असे दोन बाण येतात आणि चक्र पूर्ण होते. चक्र असलेले शेड्यूल कॉन्फ्लिक्ट-सिरिअलायझेबल, म्हणजे या बाणांच्या कसोटीवर सिरिअलायझेबल, नसते. सिरिअलायझेबिलिटीची अधिक सैल, ‘व्ह्यू’ नावाची व्याख्याही आहे, परंतु ती तपासण्याचा प्रश्न एनपी-पूर्ण (झटपट सोडवण्याची रीत माहीत नसलेल्या अवघड प्रश्नांपैकी) आहे असे क्रिस्टोस पापादिमित्रिऊ यांनी १९७९ मध्ये दाखवले. चक्र शोधणे त्या मानाने अगदी स्वस्त असल्याने प्रत्यक्षातल्या प्रणाली कॉन्फ्लिक्टच्याच अंगाने विचार करतात. आपले शेड्यूल त्या सैल कसोटीतही बसत नाही.

अभ्यासक्रमात एका जागी हमखास गोंधळ होतो. हे शेड्यूल रिकव्हरेबल (बिघाडानंतर पूर्वस्थितीला परतू देणारे) आहे, त्यात कोणी कोणाचे कमिट न झालेले लेखन वाचलेले नाही, इतकेच नव्हे तर ते ‘स्ट्रिक्ट’सुद्धा आहे, कारण कमिट न झालेल्या लेखनावर कोणी पुन्हा लिहिलेलेही नाही. बिघाड झाल्यावर पूर्वस्थितीला परतण्याच्या दृष्टीने त्यात नाव ठेवायला जागा नाही, आणि तरीही ते चूक आहे. पूर्वस्थितीला परत येता येणे आणि क्रमाने योग्य असणे हे दोन स्वतंत्र गुण आहेत; स्ट्रिक्ट शेड्यूल ही सर्वांत कडक पायरी असल्याने ते सिरिअलायझेबल असणारच, असे परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत अनेकदा लिहिलेले आढळते, ते बरोबर नाही.

पातळी वाढवली, पण

डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल होता आणि व्यवहार त्याच्या मूळ ठरलेल्या ‘रीड कमिटेड’ पातळीवर चालत होते. पहिला उपाय म्हणून पातळी ‘रिपीटेबल रीड’ केली गेली. विचार वरवर सयुक्तिक होता: या पातळीवर व्यवहाराला त्याच्या पहिल्या क्वेरीच्या क्षणी घेतलेले एकच सुसंगत चित्र, म्हणजे स्नॅपशॉट, शेवटपर्यंत दिसते, आणि दोन समांतर व्यवहारांनी एकच ओळ बदलण्याचा प्रयत्न केला तर नंतरच्याला डेटाबेस स्वतः मागे फिरवतो. मात्र क आणि ख यांनी बदललेल्या ओळी वेगळ्या होत्या. मागे फिरवण्याचा प्रसंगच आला नाही आणि शिल्लक पुन्हा ४० झाली.

किंबहुना स्नॅपशॉटने या नियमापुरती परिस्थिती सुधारली नाहीच. चार पायऱ्यांचा एक आणि चार पायऱ्यांचा दुसरा असे दोन व्यवहार एकूण ७० प्रकारे मिसळू शकतात. पहिल्या वाचनाच्या वेळी स्नॅपशॉट ठरत असेल, तर ख ला क चे लेखन दिसायला क ने ख च्या पहिल्या पायरीआधी कमिट केलेले असावे लागते, म्हणजेच क पूर्ण संपलेला असावा लागतो. उलट बाजूने ख चेही तेच. असे क्रम ७० पैकी दोनच आहेत, पूर्ण एकामागून एक चालणारे. उरलेल्या ६८ मध्ये दोन्ही मागण्या मंजूर होतात आणि नियम मोडतो. हे ७० क्रम सारख्याच शक्यतेचे नसतात, कारण व्यवहार काही मिलिसेकंदांत आटोपतो आणि बहुतेक वेळा दोघांची गाठच पडत नाही. म्हणूनच ही चूक चाचणीत सापडत नाही आणि गर्दीच्या दिवशी उघडी पडते.

दोघांनी तेच वाचून वेगवेगळ्या ओळी बदलण्याच्या या प्रकाराला राइट स्क्यू म्हणतात. एसक्यूएल या डेटाबेस-भाषेच्या १९९२ च्या मानकाने आयसोलेशनच्या चार पातळ्या तीन घटनांच्या आधारे सांगितल्या: डर्टी रीड, नॉन-रिपीटेबल रीड (तीच ओळ पुन्हा वाचल्यावर बदललेली दिसणे) आणि फँटम (तीच अट पुन्हा लावल्यावर नव्या ओळी दिसणे). आपल्या शेड्यूलमध्ये या तिन्हींपैकी एकही घडत नाही. मानकातल्या या उणिवेवर हॅल बेरेन्सन, फिलिप बर्नस्टीन, जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये बोट ठेवले आणि स्नॅपशॉट आयसोलेशनची व राइट स्क्यूची नेमकी मांडणी केली. तरीही पातळ्यांची नावे आजही फसवी आहेत. ओरॅकल या डेटाबेसमध्ये ‘सिरिअलायझेबल’ असे नाव दिलेली पातळीसुद्धा प्रत्यक्षात स्नॅपशॉटचीच आहे, तेव्हा तिथे वरच्यात वरची पातळी निवडूनही हीच शिल्लक आली असती. पातळीचे नाव वाचून निश्चिंत होण्यापेक्षा, ती पातळी आपल्या शेड्यूलमधल्या कोणत्या पायरीला अडवते हा प्रश्न विचारणे अधिक उपयोगी ठरते.

त्याच आठ पायऱ्या, वेगवेगळे नियोजक

तोच क्रम वेगवेगळ्या शेड्यूलरपुढे, म्हणजे पायऱ्यांचा क्रम ठरवणाऱ्या नियोजकांपुढे, ठेवला तर काय होते, हे कागदावर तपासून पाहण्यात आले. संपूर्ण तपासात सर्वांत जास्त उलगडा याच खटाटोपाने झाला.

टू-फेज लॉकिंगची मांडणी आयबीएममधल्या ईश्वरन, ग्रे, लॉरी आणि ट्रेगर यांनी १९७६ मध्ये केली: व्यवहाराने एकदा एखादे लॉक (ओळ धरून ठेवण्याचा हक्क) सोडले की त्याने पुढे नवे लॉक घ्यायचे नाही, आणि एवढे पाळले तर शेड्यूल सिरिअलायझेबल होते. आपल्या पहिल्या चार पायऱ्यांत क आणि ख दोघेही दोन्ही लॉटवर वाचनाचे सामायिक लॉक घेतात. सामायिक असल्याने कोणी कोणाला अडवत नाही. पाचव्या पायरीत क ला ‘प’वर लेखनाचे लॉक हवे असते, पण तिथे ख चे वाचन-लॉक आहे, म्हणून क थांबतो. सहाव्या पायरीत ख ला ‘फ’वर लेखनाचे लॉक हवे असते, पण तिथे क चे वाचन-लॉक आहे, म्हणून ख थांबतो. डेडलॉक झाला, म्हणजे दोघे एकमेकांची वाट पाहत अडकले. डेटाबेस एकाचा बळी देतो, दुसरा पूर्ण होतो, बळी गेलेला पुन्हा सुरू झाल्यावर त्याला ७० दिसतात आणि मागणी नाकारली जाते. डेडलॉक हा शब्द ऐकला की लोक त्याला बिघाड समजतात. येथे मात्र चुकीची शिल्लक होऊ न देणारी गोष्ट तोच होती. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी इंजिनात ‘सिरिअलायझेबल’ पातळी निवडली तर व्यवहारातली साधी वाचनेही सामायिक लॉक घेऊ लागतात आणि हेच दृश्य दिसते.

टाइमस्टॅम्पच्या, म्हणजे व्यवहारांना सुरू होण्याच्या क्रमाने क्रमांक देण्याच्या, पद्धतीत क ला १ आणि ख ला २ असा क्रमांक मिळाला असे धरू. पाचव्या पायरीत क ‘प’वर लिहू पाहतो, पण ‘प’ २ क्रमांकाच्या व्यवहाराने आधीच वाचलेला असतो. उशिरा आलेले लेखन म्हणून क मागे फिरतो. ख पुढे जातो. क नवा क्रमांक ३ घेऊन परत येतो, त्याला ख चे कमिट झालेले लेखन दिसते आणि तो नाकारला जातो. कुंग आणि रॉबिन्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या आशावादी पद्धतीत कोणीच अडवले जात नाही. कमिटच्या आधी पडताळणी होते. क आधी पडताळला जाऊन पार पडतो. ख च्या पडताळणीत असे दिसते की त्याने वाचलेला ‘प’ दरम्यान क ने बदलला आहे, आणि ख ला पुन्हा सुरुवात करावी लागते.

पोस्टग्रेएसक्यूएलच्या खऱ्या ‘सिरिअलायझेबल’ पातळीवर स्नॅपशॉट तसाच राहतो, पण कोणी काय वाचले याची टिपणे ठेवली जातात. एकाने वाचलेले दुसऱ्या समांतर व्यवहाराने बदलले की बाण नोंदवला जातो, आणि असे दोन बाण एखाद्या व्यवहारात एक आत येणारा व एक बाहेर जाणारा असे लागून आले की धोका ओळखून एका व्यवहाराला ४०००१ हा त्रुटी-संकेत देऊन मागे फिरवले जाते. केहिल, रोम आणि फेकेटे यांनी २००८ मध्ये मांडलेली ही कल्पना २०११ मधल्या ९.१ या आवृत्तीपासून तिथे आहे. पूर्ण चक्र न शोधता दोन लागोपाठच्या बाणांवर निर्णय होत असल्याने कधी कधी निरपराध व्यवहारही मागे फिरतो. चक्र शोधत बसण्याचा खर्च वाचवण्यासाठी मोजलेली ती किंमत आहे.

चारही पद्धतींत एक गोष्ट समान दिसते. कोणी थांबवतो, कोणी मागे फिरवतो, पण प्रत्येक पद्धत वाचनाची दखल घेते. मूळ प्रणालीत ज्या वाचनावर निर्णय उभा होता, त्या वाचनाची दखल कोणीच घेत नव्हते. शेड्यूलरला ५० नगांचा नियम माहीत नसतो. त्याला फक्त वाचन आणि लेखन कळते, आणि त्यातलेही जेवढे आपण त्याच्या नजरेस आणू तेवढेच.

दुसरा उपाय आणि त्यातून निघालेले दोन प्रश्न

त्यानंतर पातळी पुन्हा ‘रीड कमिटेड’ करून वाचनाच्या क्वेरीला ‘फॉर अपडेट’ जोडण्यात आले, जेणेकरून वाचतानाच ओळी लॉक व्हाव्यात. थेट बेरजेच्या क्वेरीला ते जोडता येत नाही, कारण पोस्टग्रेएसक्यूएल एकत्रीकरणाच्या फंक्शनसोबत ‘फॉर अपडेट’ स्वीकारत नाही. आधी ओळी लॉक करून आणाव्या लागतात आणि मग बेरीज करावी लागते. हा बदल करताना प्रोग्राम निवडलेला लॉट आधी आणि उरलेले नंतर लॉक करू लागला. क ने ‘प’ धरला, ख ने ‘फ’ धरला, आणि दोघे एकमेकांची वाट पाहत थांबले. मूळ ठेवणीत पोस्टग्रेएसक्यूएल एक सेकंद वाट पाहून मग डेडलॉक तपासतो, म्हणून खिडकीवर अधूनमधून एक सेकंद अडखळल्यासारखे होऊन त्रुटी येऊ लागली. लॉट-क्रमांकाच्या चढत्या क्रमानेच लॉक घ्यायचे असे ठरवल्यावर ते थांबले: दोघांनाही आधी ‘प’च हवा असेल तर दुसरा तिथेच थांबतो आणि चक्र तयार होत नाही.

दुसरा प्रश्न अधिक खोल होता. प्रणालीत आगाऊ आरक्षणाची सोय होती. आरक्षणाने लॉट बदलत नसत. आरक्षणाच्या टेबलात नवी ओळ जात असे आणि तपासणीत लॉटच्या बेरजेतून आरक्षणांची बेरीज वजा होत असे. दोन आरक्षणे एकाच वेळी आली तर दोघेही नुसते वाचन करून दोन नव्या ओळी घालत. जी ओळ अजून अस्तित्वातच नाही ती लॉक कशी करणार? हाच फँटम, आणि १९७६ च्या त्याच निबंधाने त्यासाठी ओळींऐवजी अटीवरच लॉक घेण्याची कल्पना मांडली होती.

निवड

दोन मार्ग उरले. एक, सगळे व्यवहार खऱ्या ‘सिरिअलायझेबल’ पातळीवर न्यायचे. यात ‘सगळे’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण पोस्टग्रेएसक्यूएल त्या पातळीवरच्या व्यवहारांचीच टिपणे ठेवतो. एखादा जुना अहवाल किंवा दुरुस्तीची स्क्रिप्ट खालच्या पातळीवर लिहीत राहिली तर हमी संपते. शिवाय ४०००१ आल्यावर फक्त शेवटची आज्ञा पुन्हा पाठवून भागत नाही. वाचनापासून संपूर्ण व्यवहार नव्याने करावा लागतो. या प्रणालीत मंजुरीचा संदेश व्यवहार चालू असतानाच पाठवला जात होता, त्यामुळे मागे फिरलेल्या व्यवहाराचाही संदेश जाऊन बसला असता. टेबल लहान असल्याने क्वेरी इंडेक्स न वापरता संपूर्ण टेबल वाचत असे, आणि तसे झाले की वाचनाचे टीपही संपूर्ण टेबलावर पडते; मग एका औषधाचा व्यवहार दुसऱ्या औषधाच्या व्यवहाराला विनाकारण मागे फिरवू शकतो.

दुसरा मार्ग असा की, नियम ज्या बेरजेला लागू आहे त्या बेरजेलाच एक ओळ द्यायची. औषधांच्या टेबलात प्रत्येक औषधाची एक ओळ होतीच. तिच्यात उपलब्ध साठ्याचा रकाना घालून, वितरण असो वा आरक्षण, प्रत्येक वाटेने सर्वांत आधी तीच ओळ लॉक करायची, असे ठरले. त्यामुळे आधी वेगवेगळ्या ओळींत विखुरलेला संघर्ष एका ओळीवर आला, आणि ५० ची मर्यादा त्या रकान्यावर चेक कन्स्ट्रेंट (डेटाबेस स्वतः तपासतो ती अट) म्हणून डेटाबेसमध्येच लिहिता आली. एका औषधाचे व्यवहार आता एकामागून एक चालतात, वेगवेगळ्या औषधांचे समांतर. एखाद्या औषधाला फार मागणी असेल तर त्या ओळीपाशी रांग लागेल, हे मान्य करूनच हा मार्ग घेतला गेला. माझ्या मते येथे तो योग्य होता, कारण नियम एकच होता आणि आधीपासून माहीत होता. नियम अनेक असतील, ते वेगवेगळ्या टेबलांवर पसरलेले असतील किंवा उद्या कोणता नवा येईल हे सांगता येत नसेल, तर असे हाताने लॉक रचत बसण्यापेक्षा ‘सिरिअलायझेबल’ पातळी आणि नीट लिहिलेला पुनर्प्रयत्न हीच कमी जोखमीची वाट आहे.

सोबत दोन लहान बदल झाले. कर्मचाऱ्याच्या ‘नक्की का?’ या उत्तराची वाट व्यवहार उघडा ठेवून पाहिली जात होती, ती प्रथा बंद झाली, कारण माणूस विचार करत असताना लॉक धरून ठेवणे म्हणजे मागच्या सगळ्यांना थांबवणे. मंजुरीचा संदेश कमिटनंतर पाठवला जाऊ लागला.

चाचणीसाठी भाराचा प्रयोग न करता डेटाबेसची दोन सत्रे उघडून त्याच आठ पायऱ्या हाताने, त्याच क्रमाने चालवण्यात आल्या. क ने औषधाची ओळ लॉक केली आणि दोन्ही लॉट वाचले. तिसऱ्या पायरीला ख थांबला. त्याला ‘प’ आणि ‘फ’पर्यंत पोहोचण्याआधी औषधाची ओळ हवी होती आणि ती क कडे होती. क कमिट होताच ख पुढे सरकला, त्याला उपलब्ध साठा ७० दिसला आणि ३० ची मागणी नाकारली गेली. नकाराच्या संदेशात आता जास्तीत जास्त २० नग देता येतील असेही येते, कारण तो आकडा लॉकखाली वाचलेला असल्याने त्या क्षणी खात्रीचा असतो. मात्र कर्मचाऱ्याने तो वाचून २० ची नवी मागणी नोंदवेपर्यंत लॉक सुटलेले असते, म्हणून ती मागणी पुन्हा पहिल्या पायरीपासून तपासली जाते.